मे महिन्यात पाणी कोण घालणार?

शाळेच्या परसबागेची खरी कसोटी पावसाळ्यात लागत नाही. मृगाच्या सरी पडल्या की टाकलेले बी उगवतेच. वेल मांडवावर चढतात, मुले हौसेने आळी करतात, गुरुजी छायाचित्रे काढतात आणि सर्वांनाच आपल्या हातून काही मोठे काम झाल्यासारखे वाटते. कसोटी लागते ती मे महिन्यात. शाळेला सुटी लागलेली असते, फाटकाला कुलूप असते, पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेलेला असतो आणि आवारातली लिंबाची, शेवग्याची, कढीपत्त्याची रोपे कोवळ्या मुळांनिशी उन्हात उभी असतात. त्यांना पाणी कोण घालणार?

टेंभुर्णी परिसरातल्या ज्या शाळेच्या बागेत आम्ही काही पालक राबतो, तिचे नाव येथे मुद्दामच देत नाही. कारण सांगायचे आहे ते आमच्या फजितीपासून. पहिल्या वर्षी बाग उत्तम झाली. पावसाळ्यात दोडके, घेवडा आणि भेंडी आली, थंडीत मेथी आणि पालक आला. एप्रिलअखेर निकाल लागला आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. प्रत्येकाला वाटत होते की दुसरा कोणीतरी पाहत असेल. शाळेच्या नळाला कुलूप होते आणि त्याची किल्ली नेमकी कोणाकडे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंधरा जूनला शाळा उघडली तेव्हा बागेत वाळक्या काड्या होत्या. ज्या मुलीने लिंबाचे रोप लावून त्याला स्वतःचे नाव दिले होते, ती त्या काडीपाशी बराच वेळ उभी राहिली. तिने कोणालाही काही विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमची पुढची वर्षे गेली आहेत.

टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. पंढरपूर, अकलूज आणि कुर्डुवाडीकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. औद्योगिक वसाहत आहे, आसपास साखर कारखाने आहेत आणि १९८० साली पूर्ण झालेले, एकशे सतरा टीएमसी साठवणुकीचे उजनी धरण काही मैलांवर आहे. सोलापूर हा तसा अवर्षणग्रस्त जिल्हा. पण उजनीच्या पाण्याने या पट्ट्याचे रूप पालटले. जिथे ज्वारी डोलत असे तिथे ऊस उभा राहिला. पलीकडे करमाळा तालुक्यातल्या कंदरची केळी परदेशी जातात. आमच्या तालुक्याला पैसा दिसला तो या पाण्यामुळे, आणि त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही.

तरीही एक गोष्ट या समृद्धीत हळूच हरवली. ज्वारीच्या रानात पूर्वी तूर, अंबाडी, कारळे, चवळी यांची एखादी ओळ घरच्यासाठी टाकलेली असे. बांधावर घोळ, तांदुळसा, पाथरी, कुर्डू आपोआप येत. खुरपायला गेलेली बाई परतताना ओट्यात भाजी घेऊनच येई. उसाच्या सलग फडात ही मिसळ राहत नाही, आणि तणनाशक फवारलेल्या बांधावर घोळ उगवत नाही. उगवली तरी खाऊ नये. म्हणून आज असे दिसते की ज्याच्या रानात बारा महिने पाणी खेळते, तो शेतकरीसुद्धा मेथीची जुडी आठवडी बाजारातून विकत आणतो. आणि ज्या आठवड्यात ती महाग असेल, त्या आठवड्यात आणत नाही. घरातल्या पोरांच्या ताटात मग भाकरी, डाळीचे पाणी, शेंगाचटणी एवढेच येते. आमची शेंगाचटणी जगात सर्वांत चविष्ट आहे, यावर वाद नको. पण ती भाजी नव्हे.

याच माढा तालुक्यात अरण आहे, संत सावता माळी यांचे गाव. ज्या माळ्याला आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच पांडुरंग दिसला आणि त्यासाठी पंढरीला जाण्याची गरज भासली नाही, त्याच्या तालुक्यातली मुले मुळ्याचे पान ओळखू शकत नसतील, तर ते आपल्या घराण्याचे नाव विसरण्यासारखे आहे. आमच्या बागेत पहिल्या दिवशी आम्ही पाचवीच्या मुलांना सात पाने दाखवली होती. कोथिंबीर सर्वांनी ओळखली. शेपू वासावरून ओळखला. चुका आणि चंदनबटवा ही नावे बहुतेकांनी प्रथमच ऐकली.

आता ताटाकडे वळू. शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या भोजनाची योजना १९९५ सालापासूनची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शाळाशाळांत शिजवलेले अन्न देणे सुरू झाले आणि २०२१ पासून तिला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल, असे तिचे प्रमाण आहे. तांदूळ आणि डाळ साठवता येते. भाजी मात्र रोजच्या रोज आणावी लागते आणि तिचा भाव रोज बदलतो. श्रावणात भाव चढले की खिचडीतून आधी जी गोष्ट कमी होते ती म्हणजे भाजी. यात स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचा दोष नसतो. ठरलेल्या पैशांत जेवढे बसते तेवढेच त्या आणू शकतात.

या ठिकाणी परसबाग येते. केंद्रीय शिक्षण खात्याने २०१९ मध्ये शाळांतील पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आपल्या राज्यात शाळांच्या परसबागांच्या स्पर्धाही होतात. स्पर्धेने उत्साह येतो हे खरे, पण परीक्षक मे महिन्यात येत नाहीत.

परसबागेबद्दल बोलताना पुष्कळदा फार मोठी आश्वासने दिली जातात. म्हणून साधा हिशेब मांडून पाहू. एकशे वीस मुलांची प्राथमिक शाळा धरली, तर ५० ग्रॅमप्रमाणे रोज सहा किलो भाजी लागते. वर्षाचे २२० दिवस धरले तर तेरा क्विंटलांहून अधिक. शाळेच्या मागे एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा मिळाली, तर ती नशिबाची गोष्ट. कसलेल्या शेतकऱ्याला गुंठ्यात मेथीच्या एका पिकाचे सत्तर-ऐंशी किलो मिळतील. आमच्यासारख्या हौशी माणसांनी, मुलांच्या पायांखाली चार वाफे तुडवले जात असताना, वर्षभरात दोन-सव्वादोन क्विंटल काढले तरी आनंद मानावा. म्हणजे गरजेचा सहावा हिस्सा. परसबाग शाळेचे पोट भरणार नाही. बटाटा, कोबी, कांदा बाजारातूनच आणावा लागेल.

मग एवढ्या खटाटोपाचे फळ काय? फळ निवडीत आहे. गुंठाभर जागेत जे बाजारात स्वस्त आणि टिकाऊ मिळते ते लावण्यात अर्थ नाही. जे तोडल्यावर दोन तासांत मलूल होते आणि ज्याचे सत्त्व ताजेपणात आहे ते लावावे. पालेभाज्या, कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबू आणि शेवगा. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम, सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि चार-पाच मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच दुधात कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम असते. या आकड्यांनी हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही, कारण कोणतेही मूल १०० ग्रॅम पाला खात नाही; आमटीत पडतो तो दहा-पंधरा ग्रॅम. पण तो दहा-पंधरा ग्रॅम आठवड्यातून तीनदा पडला आणि वर्षभर पडत राहिला, तर त्याला मोल आहे.

लोहाची गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण आपल्या घराघराशी तिचा संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांना आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे पहिलीच्या वर्गात जे मूल येते, ते बहुधा ही उणीव घेऊनच येते. आणि त्याच शाळेतून बाहेर पडणारी मुलगी पुढे ती उणीव आपल्या बाळाला देते. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दररोज २८ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. त्याच वयाच्या मुलाला १६. घरात ताटे वाढताना हा फरक कितीजणी लक्षात ठेवतात? बहुतेक घरांत उलटेच होते.

धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्यातला थोडाच अंश रक्तापर्यंत पोहोचतो. मात्र त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर हे शोषण वाढते, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर घटते. म्हणून आमच्या बागेत सर्वांत मौल्यवान झाड शेवग्याचे नसून लिंबाचे आहे, असे माझे मत आहे. अर्थात लिंबू शिजवताना पिळून उपयोग नाही, उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. ते ताटावर बसल्यावर पिळायचे. आवळ्याचे, पेरूचे काम तेच. पालकाच्या लोहाची ख्याती फार. पण त्यातील ऑक्सॅलेटमुळे त्याचे कॅल्शियम फारसे हाती लागत नाही, म्हणून आम्ही पालकाहून राजगिरा, माठ आणि तांदुळसा यांना अधिक जागा देतो. ते आमच्या उन्हालाही अधिक सोसतात. पालेभाजीतल्या अ जीवनसत्त्वाच्या पूर्वघटकाला स्निग्धाची सोबत लागते, आणि योजनेतले पाच ग्रॅम तेल तेवढ्यासाठी पुरेसे आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही कामाची घडी बदलली. सर्वांत आधी विचारले ते स्वयंपाकघरात. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने मुळे लावले होते आणि ते एकदम तयार झाले. शंभर मुलांचे मुळे किसत बसायला दोन बायकांना वेळ कोठून असणार? त्यांनी सांगितले, ‘‘ताई, जे चिरून टाकता येईल ते लावा, आणि सोमवारी-गुरुवारी द्या. रोज मूठमूठ दिलेले कशातच बसत नाही.’’ इतकी मोलाची सूचना आम्हांला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. तेव्हापासून पेरणीचे वेळापत्रक पाकसिद्धीच्या वारांवर ठरते. मेथीचा एकच मोठा वाफा करण्याऐवजी चार छोटे वाफे, दहा-दहा दिवसांच्या अंतराने.

माणसे कोण? शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे शिक्षणहक्क कायदा सांगतो, त्यामुळे सुरुवातीचे चारजण तेथून मिळाले. दोन निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या तिघी, कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण, आणि शाळेसमोर राहणाऱ्या एक आजी. या आजींना लिहिता-वाचता येत नाही, पण कोणत्या नक्षत्रात काय टाकायचे ते आम्ही त्यांनाच विचारतो. सुरुवातीला आम्ही ‘ज्याला जमेल त्याने यावे’ असे ठरवले होते. त्याचा अर्थ कोणीच येऊ नये असा होतो, हे मे महिन्याने शिकवले. आता आठवड्याचे सात वार सात घरांत वाटलेले आहेत. ज्याला अडचण असेल त्याने स्वतःच बदली माणूस द्यायचा. दंड नाही, सभा नाही, टोपी-बिल्ला नाही. सेवेच्या कामात सभा जितक्या कमी तितके झाड अधिक वाढते, असे आता वाटू लागले आहे.

मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळे पिकवून दाखवली. पुढे त्यांच्या ‘अर्बन लीव्हज’ या गटाच्या स्वयंसेवकांनी माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही बाग केली. गच्चीवर माती नसते, सावली नसते. आमच्याकडे तर काळी जमीन पायाखाली आहे. त्यांनी वापरलेली ‘अमृत माती’ची रीत ही प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांची. ती आम्हीही उचलली. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवायचा. तीन दिवस रोज तीनदा ढवळायचे. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालून वाळका पालापाचोळा त्यात भिजवायचा आणि मातीचा पातळ थर देत त्याचा ढीग रचायचा. त्यात निरनिराळ्या धान्यांचे बी टाकून उगवलेली रोपे पुन्हा त्यातच मिसळायची. काही महिन्यांत हातात भुसभुशीत, मृद्गंधाची माती येते. पालापाचोळ्याऐवजी आमच्याकडे उसाचे पाचट आहे. रानोमाळ जाळले जाणारे ते पाचट आम्ही गाडीभर मागून आणतो. ते वाफ्यांवर आच्छादन म्हणून चार बोटे जाड पसरले की पाण्याची पाळी निम्म्यावर येते आणि तणही दबते.

पाण्याचे म्हणाल तर विंधनविहिरीचे पाणी आमच्याकडे क्षारयुक्त. वाफ्यावर पांढरी झाक दिसू लागली की आम्ही तेथे काही दिवस शेणखत अधिक देतो आणि पावसाने जमीन धुऊन निघण्याची वाट पाहतो. मुलांच्या हात धुण्याचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कर्दळ आणि केळीच्या आळ्यांत सोडले आहे. पालेभाज्यांना ते देत नाही. साबण आणि खरकटे यांचे पाणी केळ पचवते, कोथिंबिरीने ते पचवावे अशी अपेक्षा नको.

आरोग्याच्या पाक्षिकात लिहिताना बागेचे धोके न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंकुशकृमीच्या अळ्या मातीतून, अनवाणी पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. ज्या रक्तक्षयासाठी आपण माठ आणि शेवगा लावतो, तोच रक्तक्षय बागेत अनवाणी फिरल्याने वाढू शकतो. म्हणून आमच्या बागेचा पहिला नियम चपलेचा आहे, दुसरा साबणाने हात धुण्याचा आणि तिसरा नखे कापण्याचा. पहिले सहा महिने फाटकाशी एक जुन्या चपलांची पेटी ठेवावी लागली, कारण ज्यांच्या पायांत चपला नसतात तीच मुले कामाला सर्वांत पुढे असतात, आणि त्यांना परत पाठवणे शक्य नव्हते. शाळेत दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत जंतनाशक गोळी दिली जाते. ‘‘आमच्या पोराला जंत नाहीत’’ म्हणून ती नाकारू नये. धनुर्वाताच्या लशीचे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे डोस झाले आहेत की नाहीत तेही पाहावे. खुरप्याची जखम बारीक दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष होते.

रासायनिक फवारणी बागेत अजिबात नाही. मावा आला की निंबोळीचा ५ टक्के अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळलेली, तोही मोठ्यांनीच आणि शाळा सुटल्यावर फवारायचा. शेणाची स्लरी पानांवर कधीच शिंपडायची नाही, मुळाशीच द्यायची. भाजी कितीही आपल्या हातची असली तरी वाहत्या पाण्यात तीनदा धुवायची. शेजारच्या फडात फवारणी असेल त्या दिवशी आणि त्यानंतर काही दिवस त्या बाजूच्या वाफ्याची तोडणी थांबवायची. त्यासाठी शेजाऱ्याशी बोलणे राहिले पाहिजे. आम्ही त्यांच्या घरी पहिली काकडी पाठवली होती. आता फवारणीच्या आदल्या दिवशी ते स्वतः सांगून जातात.

मूल भाजी खाऊ लागते का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. शाळेतल्या बागांविषयी नेपाळमध्ये काळजीपूर्वक अभ्यास झाला आहे. केवळ शाळेत बाग केली तेव्हा मुलांचे ज्ञान वाढले, त्यांना भाज्यांची नावे आणि गुण कळले, पण त्यांच्या खाण्यात लक्षणीय फरक पडला नाही. पुढच्या प्रयोगात शाळेच्या बागेबरोबर पालकांच्या घरीही बाग लावून दिली, तेव्हा मुले अधिक भाजी खाऊ लागली. आमचा अनुभव याला जुळणारा आहे. शाळेत आनंदाने माठ खाणारे मूल घरी जाऊन खिचडीतली मिरची-कोथिंबीर वेचून बाजूला काढते, कारण घरी वडीलही तेच करतात. म्हणून आम्ही प्रत्येक मुलाबरोबर एक रोप घरी पाठवू लागलो. जागा नसेल तर फुटक्या घागरीत लावा, तेलाच्या डब्यात लावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचत गटातल्या तिघींनी वाण म्हणून कढीपत्त्याची आणि मिरचीची रोपे लुटली. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा ती पुष्कळ घरांत अधिक दिवस टिकली आहेत.

भोगीचा दिवस आमच्या बागेचा खरा सण. हिवाळी पेरणी आम्ही त्याच्या हिशेबानेच करतो. दसऱ्याच्या सुमारास वांगी, गाजर, घेवडा, हरभरा, पावटा लावला की भोगीला सगळे एकत्र तयार मिळते. त्या दिवशी शाळेत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची मिसळ भाजी होते. भाकरी पालक घरून थापून आणतात. याच काळात आमच्या परिसरात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरलेल्या असतात. त्यांची काही मुले थोड्या महिन्यांपुरती आमच्या शाळेत येतात. कोप्यांत राहणाऱ्या या मुलांच्या ताटात ताजी भाजी क्वचितच येते, आणि बाग नेमकी त्याच काळात भरात असते. बी पेरण्याच्या वेळी ती येथे नसतात, उन्हाळ्यातही नसतात. सुरुवातीला एका पालकांनी शंका काढली होती, काम आपल्या मुलांनी करायचे आणि खायचे त्यांनी? त्यांना उत्तर कोणी दिले नाही. त्या मुलांनी मात्र दिले. खुरपणीत त्यांचा हात आमच्या मुलांहून किती सराईत आहे हे दोन दिवसांत दिसले, आणि तोडणी, जुड्या बांधणे, पाचट पसरणे ही कामे आपोआप त्यांच्याकडे गेली. एका मुलीने उसाच्या फडाकडेला उगवलेली चिघळ ओळखून आणून दाखवली. आम्ही चौघेजण ती गवत समजून उपटत होतो.

सर्व काही सुरळीत चालले आहे असे मात्र नाही. डाळिंब लावले ते तेल्या रोगाने गेले. पपईवर विषाणू आला. एका रात्री मोकाट जनावरे शिरली आणि घेवड्याचा मांडव आडवा झाला. तेव्हापासून कुंपणाला करवंद आणि शिकेकाईची रोपे लावली आहेत, पण ती दाट व्हायला तीन-चार पावसाळे लागतील. कारखान्यातल्या तरुणाची बदली झाली आणि त्याचा मंगळवार आजही कोणी मनापासून घेतलेला नाही. नवे मुख्याध्यापक येतात तेव्हा बागेचे पुढे काय होईल या शंकेने पोटात गोळा येतो. बाग एका उत्साही माणसावर उभी असते तोवर ती दिसते छान, पण तो माणूस हलला की कोसळते. आमची बाग यातून पूर्णपणे सुटली आहे असे म्हणवत नाही.

उन्हाळ्याची व्यवस्था आता अशी आहे. मार्चअखेर नाजूक पालेभाज्या काढून टाकायच्या आणि फक्त सोसणारी पिके ठेवायची: गवार, चवळी, तांदुळसा. फळझाडांच्या आळ्यांत प्रत्येकी एक कच्च्या भाजणीची, बिनगिलाव्याची मातीची घागर गळ्यापर्यंत पुरलेली आहे. ती भरून वर झाकणी ठेवली की पाणी झिरपत झिरपत मुळांशी जाते आणि वरच्या उन्हाला सापडत नाही. घागर चार दिवसांनी पुन्हा भरावी लागते. म्हणजे रोज हेलपाटा नको, आठवड्यातून दोनदा पुरते. २ मे ते १४ जून या काळातले दिवस घरांत वाटून दिले आहेत आणि ती यादी फाटकावर टांगली आहे. तयार होणारी गवार-चवळी ज्याचा वार असेल त्याने घरी न्यायची, हा मोबदला. गवार कोणाच्या दिवशी किती निघाली यावरून थोडी कुरबूर होते, तेवढी आम्ही चालवून घेतो.

नळाची किल्ली आता समोरच्या आजींच्या दारामागच्या खिळ्यावर असते. गेल्या सुटीत त्या लेकीकडे गेल्या होत्या, तेव्हा किल्ली शेजारी देऊन गेल्या आणि जाण्यापूर्वी चार घरांना तसे सांगून गेल्या. त्या मुलीने दुसऱ्यांदा लावलेले लिंबू यंदा फुलावर आले आहे. ती आता आठवीत आहे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाईल. शनिवारचा वार मात्र तिने आईच्या नावावर लिहून घेतला आहे.